मुकुंद आठल्ये नावाचा माणूस

भाऊबीजेला जिचा भाऊ जवळ नसतो, ती बहीण चंद्राला ओवाळते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण जी बहीण चंद्रावरच राहते, तिनं कोणाला ओवाळायचं?

शाल्मलीच्या आजीनं हे कोडं केव्हाच सोडवलं होतं. आजी चंद्रवसाहतीतली मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारी). इथल्या कोरड्या धुळीत मेथी उगवून दाखवणारी पहिली बाई ती. दर भाऊबीजेला ती तबकात विजेचा इवलासा दिवा ठेवायची, कारण वसाहतीत उघड्या ज्योतीला मनाई होती. मग मोठ्या खिडकीशी उभी राहून ती समोरच्या निळ्या पृथ्वीला ओवाळायची. तिचा धाकटा भाऊ मुकुंद अडतीस वर्षांपूर्वी बोटीवर नोकरीला गेला, तो घरी परतलाच नाही. पण असेल तो पृथ्वीवरच कुठेतरी. अख्खी पृथ्वी ओवाळली की त्यात तोही आलाच!

यंदा मात्र तबक फडताळातून बाहेर निघालंच नव्हतं. दुपारी शाल्मली शाळेतून आली, तेव्हा आजी ओले केस पुसत बसली होती.

"आजी, दुसऱ्यांदा आंघोळ? अगं, उद्याच्या वाट्याचं पाणी संपलं की!"

"बातमी कळली की आंघोळ करायची असते, शालू." आजीचा आवाज नेहमीच मऊ, आज तो जेमतेम ऐकू आला. "मुकुंदा गेला."

तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. शाल्मलीनं पत्र वाचलं.

'आदरणीय श्रीमती इंदुमती आठल्ये, आपले बंधू श्री. मुकुंद आठल्ये यांचे सांता लुमा बंदरात निधन झाले, हे कळविण्यास दुःख होते. त्यांच्या अकरा कोटींच्या ठेवीच्या आपण एकमेव वारस (मृत्यूनंतर जिला मालमत्ता मिळते ती व्यक्ती) आहात. प्रक्रिया शुल्क व आपला आवाजठसा आज सायंकाळपर्यंत पाठवावा. अस्थिकलश कागदपत्रांसोबत सुपूर्द केला जाईल. याबाबत कोणाशीही वाच्यता करू नये.'

आवाजठसा म्हणजे माणसाच्या बोलण्याची नोंद. वसाहतीत घराचं दार त्यानंच उघडे आणि बँकेचं खातंही.

"मला त्याचा एक पैसाही नको," आजी म्हणाली. "अस्थी तेवढ्या हव्यात. तिकडे परक्या मुलखात त्याचं करायला कोण आहे? जा, टपाल्याला बोलाव. शुल्क आणि आवाजठसा आत्ताच धाडायचाय."

टपाल्या म्हणजे वसाहतीचा डाकयंत्रमानव. तीन चाकं, पोटाला झाकण आणि तोंडाला कुलूप नाही.

"पाठवतो, आजीबाई," तो आत येत म्हणाला. "टपाल अडवणं माझ्या धर्मात नाही. पण आधी वाचू का?"

"चोंबडा!" शाल्मली पुटपुटली.

"चोंबडाच आहे. म्हणून तर नोकरी टिकलीय."

आजीनं मान हलवली. टपाल्यानं पत्र वाचलं आणि त्याचा सूर एकदम उतरला.

"शालू, मोदक किती तऱ्हेचे असतात?"

"हे काय आता मध्येच?" शाल्मली चिडली, तरी म्हणाली, "हाताचे आणि साच्यातले."

"फरक कसा कळतो?"

"हाताच्या कळ्या एकसारख्या येत नाहीत. आजीच्या बारीक, आईच्या जाड. साच्यातले सगळे सारखेच."

"पत्रांचंही तेच असतं. बघ." टपाल्यानं पडद्यावरचे चार शब्द उचलले: आजीचं नाव, आडनाव, 'बंधू' आणि 'मुकुंद'. तिथे रिकाम्या जागा राहिल्या. "आता यात शेजारच्या गोम्सकाकूंचं आणि त्यांच्या चुलत्यांचं नाव घाल. 'बंधू'च्या जागी 'चुलते'."

शाल्मलीनं घातलं. पत्र जराही अडखळलं नाही. तसंच गंभीर, तसंच दुःखी. तिच्या अंगावर काटा आला.

"हा साचा. संगणक एका दिवसात तो दहा लाख लोकांना पाठवतो. बहुतेक जण हसून पुसून टाकतात. ज्याचं कोणी हरवलेलं असतं, तोच थांबतो. गळ टाकणाऱ्याला सगळेच मासे कुठे हवे असतात?"

"पण त्याला मुकुंदाचं नाव कळलं कसं?" आजीनं विचारलं. "साच्याला माझ्या भावाचं नाव कोणी सांगितलं?"

टपाल्या आपल्या जुन्या नोंदी चाळू लागला. शाल्मली पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली, एकेक शब्द सुटा करून. आणि मध्येच थबकली.

"आजी, मुकुंदआजोबा आठल्ये कसे? आठल्ये तर आपण. तुझं माहेर..."

"खांबेटे," आजी म्हणाली. तिचा केस पुसणारा हात थांबला. "मुकुंद खांबेटे."

"आजीबाई, नऊ वर्षांपूर्वी तुम्ही शोधफलकावर (हरवलेल्यांसाठी सगळ्या जगाला दिसणारी पाटी) लिहिलं होतंत: 'मुकुंदा, असशील तिथून दोन ओळी लिही. तुझी ताई, इंदुमती आठल्ये.' या ठगांच्या संगणकानं तेच वाचलं. 'ताई' दिसली, म्हणजे भाऊ आला. नाव मिळालं. आडनाव मिळेना, तेव्हा तुमचंच त्याला चिकटवलं. माहेर नावाचं गाव त्याच्या नकाशात नाही."

"आजी, तू एवढी शास्त्रज्ञ, आणि तुला दिसलं नाही?" शाल्मलीनं विचारलं, आणि विचारून जीभ चावली.

आजी रागावली नाही. "'मुकुंद' वाचलं गं, आणि पुढचं डोळ्यांना दिसेनासंच झालं."

"त्यांना तेच हवं असतं," टपाल्या म्हणाला. "म्हणून तर सायंकाळपर्यंतची घाई. विचार करायला वेळच द्यायचा नाही. वाच्यता करू नका, म्हणजे शालूला विचारू नका. आणि अकरा कोटी देणाऱ्याला आपलं शुल्क त्यातूनच कापून घेता येत नाही होय?"

"पण पत्र खोटंच आहे, हे नक्की कशावरून?" शाल्मलीनं हट्टानं विचारलं. "आडनाव चुकून पडलं असेल."

"शाब्बास! मग दुसऱ्या वाटेनं जाऊ. पत्रातल्या पत्त्यावर विचारायचं नाही. चोराला चोरी विचारून काय उपयोग? सांता लुमाच्या मृत्यूनोंदणी कार्यालयाचा पत्ता माझ्या डाकसूचीत आहे. तिथे थेट विचारतो."

संदेशाला पृथ्वीवर पोचायला सव्वा सेकंद पुरतो. पण कार्यालयातला माणूस जागेवर यायला पाऊण तास लागला. आजी डोळे मिटून बसली होती. तिचे ओठ हलत होते. शाल्मली तिच्या गुडघ्याला टेकून बसली.

उत्तर आलं: मुकुंद आठल्ये वा मुकुंद खांबेटे या नावाची मृत्यूची नोंद नाही. पत्रातलं वकिली कार्यालयही त्या गावात नाही.

"म्हणजे तो आहे?" आजी उभी राहिली.

टपाल्याला खोटं बोलता येत नसे. "आजीबाई, पत्र खोटं आहे, एवढंच यातून कळतं. ते आहेत की नाहीत, हे त्या पत्राला काल ठाऊक नव्हतं आणि आज मलाही नाही."

आजी खिडकीपाशी गेली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "चालेल. न कळणं मला सवयीचं आहे. पण ते खोटं कळणं गळ्यात बांधून घेतलं असतं, तर वाट बघणंच थांबलं असतं." तिनं पत्र स्वतःच्या हातानं फसवणूक-तपास विभागाकडे धाडलं. वसाहतीतल्या सगळ्या घरांना इशाराही पाठवला.

"आणि खरं पत्र आलं तर?" शाल्मलीनं विचारलं. "ते कसं ओळखायचं?"

"खूणप्रश्न," टपाल्या म्हणाला. "ज्याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नाही, कोणत्याही फलकावर नाही, फक्त त्या दोन माणसांच्या मनात आहे, असा प्रश्न. मलाही सांगू नका. माझ्या पोटात काही राहत नाही."

आजी विचारात पडली. आणि एकाएकी, दिवसभरात पहिल्यांदा, तिला हसू फुटलं.

"आहे एक. पण शालू, पत्र माझ्या माघारी आलं तर त्याला विचारणार कोण? ये, इकडे कान कर."

टपाल्यानं आपणहून कान बंद केले आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आजी कुजबुजली. शाल्मलीचे डोळे मोठे झाले.

"खरंच? त्यांनी असं केलं?"

"शू!"

आता त्या प्रश्नाचं उत्तर तीन माणसांना ठाऊक होतं. दोघी चंद्रावर, आणि एक, देव करो, पृथ्वीवर.