पाकिटावरचा पोपट

“बाई, माझं चित्र चोरीला गेलंय. आणि चोर मीच ठरलेय.”

फोनवर अपूर्वा ताम्हणे होती. इरावती कर्णिक सकाळचा फेरा आटोपून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर टेकल्या होत्या. कलाशाळेत त्यांनी शिकवलेल्या शेवटच्या तुकडीतली ही मुलगी. रडणाऱ्यांतली नव्हे. आत्ताही रडत नव्हती, दात आवळून बोलत होती.

“कुठलं चित्र?”

“गिरगावच्या धैर्यवान मसालेवाल्यांचं. त्यांच्या परभी सांबार मसाल्याचं नवं पाकीट मी करतेय. ते अजून छापायलाही गेलं नाही, आणि काल दादरच्या प्रदर्शनात तेच पाकीट दुसऱ्याच नावाने विकायला ठेवलेलं. गंगाधरराव म्हणतात, मी एकच काम दोघांना विकलं. त्यांच्या ज्ञातीच्या ग्रुपवर तसं लिहूनही टाकलं. माझी निम्मी कामं त्या ग्रुपमधूनच येतात. आज दोघे म्हणाले, तूर्त थांबू या.”

“तू विकलंस?”

“बाई…”

“विचारावं लागतं. प्रदर्शनाच्या दारात ये. आणि त्या लोकांनी तुला जे जे बदल सांगितले, ते सगळे निरोप घेऊन ये.”

प्रदर्शनात लोणची, कुर्त्या आणि आवळा कँडी यांच्यामध्ये ‘चुलाण गृहोद्योग, भोईवाडा’ अशी पाटी होती. टेबलामागे दुर्गा नावाची ठसठशीत बाई बसली होती. इरावतीबाईंनी पाकीट उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते डोळ्यांजवळ नेलं.

नऊवारीतली बाई मोठ्या कढईत मसाला परतत होती. डाव्या नाकपुडीत नथ, डाव्या खांद्यावर पदर. कढईच्या कानावर एक हिरवा पोपट.

अपूर्वाने फोनवर आपलं शेवटचं चित्र शेजारी धरलं. बाई तीच, कढई तीच. फरक दोनच. तिच्या चित्रात पोपट नव्हता, आणि उलथणं बाईच्या उजव्या हातात होतं. इथे ते डाव्या हातात होतं.

“आणि ही रेघ?” इरावतीबाईंनी बोट ठेवलं. बाईच्या कमरेवरून एक फिकट आडवी रेघ गेली होती, छपाईतला दोष वाटावी इतकी बारीक.

“ती माझी नाही.”

इरावतीबाई दुर्गाकडे वळल्या. “चित्र छान आहे हो. कुणी काढलं?”

“आवडलं ना? मग मसाला पण न्या.”

“नेते. कुणी काढलं?”

“मला काय माहीत. ज्याचं चित्र, त्यानेच दिलं. आम्ही चोरलेलं नाही.”

“नाव नाही सांगणार?”

“शब्द दिलाय. तुम्ही पोलीस आहात का?”

“मास्तरीण आहे.”

“मग तर मुळीच नाही सांगणार,” दुर्गा म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

बाहेर टॅक्सी मिळाली. गिरगावात गंगाधररावांनी अपूर्वाला दुपारी बोलावलंच होतं, ‘सोक्षमोक्ष लावायला’.

“पोपट कुठून आला?” इरावतीबाईंनी विचारलं.

अपूर्वाने नजर चुकवली. “तीट होती, बाई.”

इरावतीबाईंना हसू आवरेना. ही युक्ती त्यांनीच वर्गात शिकवली होती. तान्ह्या बाळाच्या गालावर आई काजळाची तीट लावते, तशी चित्रात एखादी खटकणारी गोष्ट मुद्दाम ठेवायची. गिऱ्हाइकाची नजर तिच्यावर बसते. ते ‘काढा’ म्हणतं, त्याला आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि बाकीचं चित्र वाचतं.

“कितव्या मसुद्यात?”

“तिसऱ्या. त्यांनी इतका जीव खाल्ला होता ना! लाल रंग उठावदार करा. केला, तर लाल जरा शांत करा. नाव मोठं करा, पण मोकळी जागाही ठेवा. शेवटी काय, तर पहिलंच बरं होतं. म्हणून पोपट बसवला. तिघांनी एकमताने तो उडवला, आणि बाकीचं चित्र पास झालं.”

“तिसरा मसुदा पाठवलास कसा?”

“पाठवला नाहीच. गंगाधररावांना फोनवर रंग कळत नाहीत. कागदावर छापून त्यांच्या हातात दिला. एकच प्रत. बाकीच्यांनी घरीच पाहिली.”

“वाच बघू निरोप. पोपटाचे.”

अपूर्वाने वाचले. गंगाधरराव: ‘सदर पोपट अप्रस्तुत वाटतो. काढून टाकावा. कळावे.’ दुकान सांभाळणारा त्यांचा पुतण्या अच्युत: ‘पोपट हटवा प्लीज, लोक आपलाच पोपट करतील.’ सून उर्मिला: ‘पोपट नको. बाकी उत्तम. कळावे.’

“सून आधी काय काय म्हणाली होती?”

“ती देवमाणूस आहे. दर वेळी ‘उत्तम. कळावे.’ एवढंच. सगळे क्लायंट असे असते तर!”

“मसाला कोण करतं त्या घरात?”

“तीच. लग्न होऊन आल्यापासून.”

टॅक्सी परळच्या पुलावर अडकली. इरावतीबाईंना फोर्टातली आपली जुनी कचेरी आठवली. तेव्हा पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चित्रावर बटर पेपर लावून ते गिऱ्हाइकाकडे जाई, आणि पेन्सिलीचे शेरे घेऊन परत येई. शेठजींचं किरटं अक्षर, मॅनेजरचं गोल अक्षर, कधी कोपऱ्यात शेठाणीबाईंचा भीत भीत लिहिलेला एखादा शब्द. खाली सही नसली तरी कोण बोललं ते कळायचं. फोनवर सगळ्यांचं अक्षर एकच.

त्यांनी ते तीन निरोप पुन्हा वाचून घेतले.

धैर्यवानांचं दुकान खाली आणि घर वर. गंगाधरराव गल्ल्याशेजारी बसले होते. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. त्यांच्यापुढे फुलं असलेल्या कव्हरातला एक फोन पडला होता.

“ह्या कोण?”

“माझ्या बाई,” अपूर्वा म्हणाली.

“वकील आणायला हवा होता.” ते उठले. “चला वर. अच्युत, तूही ये.”

अच्युतने खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. “सिंपल आहे हो. हिने फाइल विकली. ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी चित्र मिरर केलं. एका बटणाचं काम. म्हणून हात डावीकडे गेला.”

“तिसरा मसुदा तुम्ही कुठे पाहिलात?” इरावतीबाईंनी विचारलं.

“इथेच. ह्या टेबलावर.”

“नंतर तो कागद कुठे गेला?”

“काकांकडे होता.”

“माझ्याकडे नाही,” गंगाधरराव म्हणाले. “रद्दीत गेला असेल. कागदाचा काय संबंध? चित्र हिच्या कॉम्प्युटरमध्ये होतं.”

उर्मिला चहा घेऊन आली. शांत चेहरा, बोटांची टोकं हळदीने कायमची पिवळी झालेली. तिने इरावतीबाईंपुढे कप धरला.

“उर्मिला, हात,” गंगाधरराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, रोजचाच होता.

तिने कप दुसऱ्या हातात घेतला. थोडा चहा बशीत सांडला.

“असू दे,” इरावतीबाई म्हणाल्या. “मला तुमचंच मत विचारायचं होतं. पोपट का नको वाटला?”

उर्मिलाने सासऱ्यांकडे पाहिलं. “मी… नको म्हटलं असेन.”

“खालचा तो फुलांचा फोन तुमचा ना?”

“हो.”

“चुलीशी बसणाऱ्या बाईला फोन कशाला लागतो?” गंगाधरराव म्हणाले. “मालाच्या ऑर्डरी येतात त्यावर, म्हणून गल्ल्याशी असतो. तुम्ही मुद्द्याचं बोला. ही पोरगी कबूल करणार आहे का?”

“नाही,” इरावतीबाई म्हणाल्या. “कारण तिने विकलं नाही. बसा, उर्मिला. तुम्हीही बसा.”

त्यांनी दुर्गाच्या टेबलावरचं पाकीट मधोमध ठेवलं.

“ही रेघ बघा. घडीची आहे. घडी कॉम्प्युटरमधल्या फाइलला पडत नाही, कागदाला पडते. कुणीतरी छापलेला कागद दुमडून नेला आणि त्याचा फोटो काढला. हिला विकायचं असतं तर स्वच्छ फाइल दिली असती, तीही शेवटची. टाकून दिलेला पोपट कशाला दिला असता? पोपटाचा कागद जगात एकच होता, आणि तो ह्या घरात होता.”

अच्युत सरळ बसला. “म्हणजे आमच्यातला कोणीतरी? पण पोपट तर आम्हा तिघांनाही नको होता.”

“तिथेच मी अडले होते. तिघांनी हाकललेला पोपट कोण जपून नेईल? मग निरोप पुन्हा वाचले. अच्युत, तुमची भाषा निराळी आहे. पण ‘कळावे’ दोघांच्या निरोपांत आहे. गंगाधरराव, तुम्ही कुठे होता नोकरीला?”

“सेक्रेटरिएटमध्ये,” ते म्हणाले, आणि म्हणताच थांबले.

“वाटलंच. तुमच्या फोनवरून लिहिलंत ‘कळावे’, आणि शेजारी पडलेल्या फोनवरून सुनेच्या नावाने लिहिलंत, तेव्हाही ‘कळावे’. सवय जात नाही. तिघांची मतं आली असं अपूर्वाला वाटत राहिलं. आली दोघांचीच.”

“घरातलं मत एकच असतं,” गंगाधरराव म्हणाले.

“नव्हतं ना. ते ह्या पाकिटावर आहे.” त्यांनी पाकीट अच्युतपुढे सरकवलं. “मिरर केलं म्हणालात. मिरर केलं तर चित्रातलं सगळंच उलटतं. नथ उजव्या नाकपुडीत गेली असती, पदर उजव्या खांद्यावर. दोन्ही जागच्या जागी आहेत. कुणीतरी मेहनत घेऊन फक्त हात बदलून घेतलाय. लपवाछपवी करणारा एवढे कष्ट घेत नाही. हा बदल नाही, दुरुस्ती आहे. परतणारी बाई डावरी आहे, हे ज्याला चित्रात हवं होतं त्याची.”

उर्मिलाने डावा हात पदराखालून काढून टेबलावर ठेवला.

“मी दिलं,” ती म्हणाली. “दुर्गा माझी शाळेतली मैत्रीण.”

“उर्मिला,” गंगाधरराव म्हणाले.

“मामंजी, तुम्हाला मी दर वेळी सांगितलं. बाई डावरी करा म्हणा त्यांना. पोपट राहू दे म्हणा. माहेरी वरळीला गच्चीत मिरच्या वाळत घातल्या की पोपट यायचे, आम्ही हाकलायला बसायचो. तुम्ही म्हणायचात, कळवतो. शेवटचं चित्र आलं, त्यात माझं काहीच नव्हतं. मसाला मात्र सगळा माझा. कागद रद्दीतून उचलला. दुर्गाच्या लेकीने हात बदलून दिला.”

“घरचा मसालाही दिलास?”

“माझ्या हातचा दिला.”

इरावतीबाईंना वाटलं, आता अपूर्वा सुटकेचा श्वास टाकेल. तिने टाकला नाही.

“तुमचं कोणी ऐकलं नाही, म्हणून माझं चित्र दिलंत?” ती उर्मिलाला म्हणाली. “मी रात्र रात्र बसलेय त्या बाईवर. आणि काल हे मला चोर म्हणत होते, तेव्हा तुम्ही त्या दारात उभ्या होतात.”

उर्मिलाची मान खाली गेली. “हो. काल बोलायला हवं होतं. बोलायची सवयच गेली होती. पण ते कारण तुला पुरणार नाही.”

“नाही पुरणार.”

“दुर्गाला मी आजच पाकिटं काढून ठेवायला सांगते. पुढे ठेवायची की नाही, ते तू ठरव.”

“ठरवीन. आज नाही.” अपूर्वा गंगाधररावांकडे वळली. “ग्रुपवर लिहिलंत तसंच ग्रुपवर खोडा. आत्ता. माझ्यासमोर.”

“घरातली गोष्ट चारचौघांत…”

“माझं नाव चारचौघांतच काढलंत.”

म्हाताऱ्याने अच्युतकडे पाहिलं. अच्युत छताचा पंखा पाहू लागला. शेवटी गंगाधररावांनी फोन काढला आणि एका बोटाने लिहीत राहिले. खाली दुकानात कुणीतरी हळद मागत होतं. त्यांनी लिहिलेलं अपूर्वापुढे धरलं.

‘सदर प्रकरणी गैरसमज झाला होता. तो दूर झाला आहे. कळावे.’

अपूर्वाने ते वाचलं. धैर्यवानांचं काम घेतल्यापासून पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा झाला.

“बदल आहेत,” ती म्हणाली. “‘गैरसमज झाला’ काढा. ‘मी केलेला आरोप खोटा होता’ असं लिहा. माझं पूर्ण नाव घाला, सगळ्यात वर. आणि ‘सदर प्रकरणी’ने काहीच कळत नाही. कोणतं प्रकरण, ते साध्या भाषेत.”

गंगाधररावांनी पुन्हा लिहिलं. ह्या खेपेला बराच वेळ लागला.

“आता?”

“नाव अजून खालीच आहे. वर घ्या.”

त्यांनी नाव वर घेतलं. फोन पुन्हा तिच्यापुढे आणताना वाटेत ते थबकले, आणि त्यांनी तो सुनेपुढे धरला.

उर्मिलाने चष्मा लावला. सावकाश दोनदा वाचलं.

“‘माफी मागतो’ कुठे आहे?” ती म्हणाली.