पडवीतले पेले

आमच्या भाताच्या कुणग्यात कोणीतरी वाकून गवताची रोपं उपटत होता. बांधावरून मी ओरडले, “खंयचो रे तू?” तो दचकला, घसरला आणि चिखलात बसला. हातातली पिशवी मात्र त्याने डोक्यावर उंच धरली होती. मला हसू आवरेना.

तो कौस्तुभ, मूळचा रेडीचा, तणांवर संशोधन करणारा. बांद्याजवळच्या आमच्या गावात पाखड नावाचं गवत तणनाशकाला जुमानेनासं झालं होतं. प्रत्येक शेतातलं पाखड त्याने शेतकऱ्याचं नाव लिहिलेल्या वेगळ्या पेल्यात लावलं, तेच तणनाशक मारलं आणि पेले आमच्या पडवीत मांडले. रोज सकाळी तो ते बघायला यायचा... निदान तसं सांगायचा तरी.

“कशालाही न घाबरणारं गवत शोधतोय,” म्हणायचा. “तशी मुलगी आधीच सापडली.”

मी किती घाबरट आहे, हे त्याला कुठे माहीत होतं!

मग चार दिवस तो ओरोसला, कचेरीत गेला. “वर्षाली, पेले तुमच्या भरवशावर,” म्हणाला. तिसऱ्या दिवशी पाहते तर बरेच पेले सुकलेले. बाबांकडून भाताचं बियाणं नेणाऱ्यांचे अर्धे हिरवे, आणि आमचे पूर्ण हिरवेगार. म्हणजे हे पाखड बाबांच्या बियाण्यात मिसळूनच गावभर गेलं होतं. भिकाजींचं बियाणं म्हणजे सोनं, असं गाव बाबांबद्दल म्हणायचं... आता काय म्हणेल? मी आमची रोपं उपटली. फेकायला मात्र हात होईना. नारळाच्या करटीत चिखल घालून ती विहिरीमागे लपवली.

कौस्तुभ परतला. आमचे रिकामे पेले पाहून रोपं सुकून गेली असंच त्याला वाटलं. ‘मेली’ असं लिहायला वहीवर पेन टेकवलं. तसं लिहिलं असतं तर बाबांची अब्रू राहिली असती, पण तेच बियाणं पुन्हा घरोघर गेलं असतं. आणि खरं सांगितलं तर... हा उद्यापासून कशाला येईल?

“लिवू नकात,” मी म्हटलं. “मीच उपटलंय. जिवंत आसत.”

मी करटी पुढे केली. त्याने ती घेतली. दारात बाबा उभे होते, हे मला तेव्हा दिसलं.

“बियाणा माझा,” ते म्हणाले. “गावाक मीच सांगतलंय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलंही. पाखड अजून फुललं नव्हतं, नवं बी पडायच्या आत ते काढता येणार होतं. आठवडाभर सगळं गाव ते हाताने उपटत राहिलं, कौस्तुभही. माझ्याशी तो कामापुरतंच बोलायचा. त्या आठवड्यात मला घास गोड लागला नाही.

शेवटच्या कुणग्यात मी धीर केला. “रागावलात काय?”

“नाय गो,” कचेरीतली मराठी विसरून तो म्हणाला. “भियालंय.”

“तुमी? कित्याक?”

“ह्या तण संपला, तर माका हंय येवक निमित्त रवाचा नाय.”

“निमित्त कित्याक व्हया...” मी मान खाली घातली. “बाबांका इचारा.”

बाबा पलीकडेच वाकलेले. कौस्तुभ घाईघाईने निघाला, घसरला आणि थेट त्यांच्या पुढ्यात चिखलात बसला.

बाबांनी त्याला न्याहाळलं. “आदी चिखलात उभो रवाक शीक,” म्हणाले, आणि हात पुढे केला.