थर्झानं सोडलेला पाव

शेवट ओळखून दाखव. ओळखलास तर माझी टोपी तुझी, भोकासकट. नाही जमलं तर गुमान ऐक, मधे मधे "मग? मग?" करायचं नाही.

आमच्या गावाला नदी म्हणजे शेजारीण. दारापुढनं जाते, पावसाळी साल असलं की दारात येते. पाणी चहाच्या रंगाचं, वास गाळाचा आणि रानपुदिन्याचा. त्या नोव्हेंबरात अँब्रोज वाम माशांचे पिंजरे उचलायला गेला. होडी परत आली, अँब्रोज आला नाही. नऊ दिवस झाले. त्याची बायको थर्झा रोज काठावर उभी. रडून झालं होतं तिचं. एकच मागणं, "पुरायला तरी द्या मला तो." चर्चमागं खड्डा तयार होता, कफन शिवून झालं होतं. माणूस तेवढा नव्हता.

मग जुनी रीत काढली. घरचा पाव कोरायचा, आत पारा भरायचा, माणूस बुडाला तिथनं सोडायचा. पाव थांबेल तिथं खाली प्रेत. आणि एका बुडालेल्यामागं एकच पाव. दुसरा नदी मानत नाही.

पाव होडीपर्यंत न्यायचं काम आलं जेबेझकडं, आणि जेबेझ म्हणजे गावचा पहिल्या नंबरचा वात्रट. त्याचा धाकटा भाऊ केलेब आपल्या धक्क्यावर पाईप ओढत बसला होता. म्हणाला, "पाव काय हुंगणारं कुत्रं आहे व्हय रे?"

जेबेझला खाज सुटली. थांब लेका, तुझ्याच पायाशी आणतो. त्यानं पावाच्या बुडाला गळाची बारीक दोरी अडकवली.

धुकं असं की हातभर पुढचं दिसेना. पाव निघाला. काठानं माणसं चालली. जेबेझ वाळुंजाच्या झाडांआड, दोरी हातात. केलेबच्या धक्क्यापुढं त्यानं ती ओढून धरली. पाव थांबला.

केलेबच्या तोंडातला पाईप पडला. "ए… जा की पुढं," तो पावालाच म्हणाला.

जेबेझ तोंडात टोपी कोंबून हसला. पुरे झालं म्हणून दोरीला झटका दिला. ती पावापासनं सुटली, त्याच्या बुटांपुढनं वाहत गेली.

पाव हलला नाही.

पानं, काटक्या, फेस, सगळं खाली चाललं होतं. पाव जागच्या जागी, हळूहळू फिरत…

माणसांनी प्रेत ओढायचे लोखंडी आकडे टाकले. नुसता चिखल आला. थर्झा गुडघाभर पाण्यात उतरली. "अँब्रोज… मी आलेय रे."

तेव्हाच जेबेझनं बोलायला हवं होतं. लोक खाली बंधाऱ्यापर्यंत शोधत गेले असते. पण वात्रटाला खरं बोलायची सवय कुठली?

त्या दिवसापासनं केलेब गारठलेला. चुलीला पाय लावून बसायचा, तरी बूट सुकायचे नाहीत. "दादा, कानात पाणी वाजतंय."

"मान हलव, मासा निघेल," जेबेझ म्हणायचा.

पाव सोडल्यापासनं बाराव्या सकाळी दोघांनी खारवलेलं डुकराचं मांस आणि चहा घेतला. केलेब धक्क्यावर गेला. तासाभरानं तिथंच सापडला, कमरेएवढ्या पाण्यात.

प्रेतं धुणारी हेप्झी म्हातारी त्याचा सदरा काढता काढता थबकली. "जेबेझ… कधी बुडाला म्हणालास?"

"आत्ता. तासापूर्वी."

"चाळीस वर्षं बुडालेले धुतेय मी, बाळा. हा तीन आठवडे पाण्यात आहे. अँब्रोज गेला त्या दिवसापासनं."

"अगं, सकाळी माझ्यासमोर जेवला तो!"

हेप्झीनं केलेबच्या अंगावर चादर ओढली.

संध्याकाळी थर्झा कफन घेऊन आली. "याला घाला. माझा आता येत नाही." तेव्हा जेबेझचा बांध फुटला. दोरीचं सगळं सांगितलं. "पण मी सोडली होती गं… शप्पथ, सोडली होती."

थर्झानं शांतपणे ऐकलं. "नदीला एकदाच विचारायचं होतं मला," ती म्हणाली. "ते तू विचारून टाकलंस."

अँब्रोजच्या खड्ड्यात केलेब गेला. थर्झा अजून रोज सकाळी जेबेझच्या दारावर थाप मारते. "चल," एवढंच म्हणते. दोघं धक्क्यावर जाऊन अँब्रोजची वाट बघत उभी राहतात, अंधारेपर्यंत. भाऊ देऊनही त्याचं देणं फिटलं नाही.