दोरी बांधलेला दगड

शेजारचे डॉक्टर नुअमान रस्त्यावर पालथे पडलेले रुदैनाने खिडकीतून पाहिले आणि कडेवरच्या जूदला घट्ट आवळून ती किंचाळली.

गाडीचा आवाज आलाच नव्हता. गाढ झोपेतही लेकीचा श्वास ऐकणारी बाई ती. आवाज झाला असता तर तिने ऐकलाच असता.

सर्वांत आधी पोचले तळमजल्यावरचे अबू दिर्गाम. उताराच्या तळाशी बेकरी आहे, तिकडून ते धापा टाकत चढून आले. हातात तिळाचा गरम पाव.

"या अल्ला! डॉक्टर! कुणी उडवलं याला?"

डॉक्टरांचा श्वास चालू होता. शुद्ध नव्हती.

अँब्युलन्स गेली आणि इन्स्पेक्टर शाहेर रुदैनाच्या दारात उभा राहिला.

"आवाज ऐकलात?"

"नाही."

"ब्रेक? हॉर्न?"

"काहीच नाही. पाऊस पहाटेच थांबला होता. गल्ली अगदी चिडीचूप."

"गल्लीतल्या सगळ्या गाड्यांच्या बॉनेटवर मी हात ठेवून पाहिला. थंडगार. मग सांगा बाई, आवाज न करता आणि न तापता चालणारी गाडी इथे कुणाकडे आहे?"

अख्ख्या गल्लीत विजेची गाडी एकच होती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तिच्या भावाची, कुतैबाची.

"तो कामाला गेलाय."

"कामावरून उचललाय त्याला. आरशाला ओरखडा आहे."

"तो जुना आहे! गॅसवाल्याच्या ट्रकने—"

"काल जिन्यात तो डॉक्टरांवर ओरडला. कशावरून?"

"करावरून," ती पुटपुटली.

त्या हिवाळ्यात अम्मानमधली सगळी भांडणं करावरूनच होत होती. डॉक्टर नुअमान दवाखान्यातले नव्हे, अर्थशास्त्राचे डॉक्टर; ते सरकारसाठी गाड्यांचा नवा कर आखत होते. जितका धूर जास्त, तितका कर जास्त. छोट्या विजेच्या गाडीला जवळजवळ माफी, पण रणगाड्यासारख्या धुडाला, मग ते विजेचं का असेना, पूर्ण सूट नाही. कुतैबाने असंच एक धूड मागवलं होतं. आज मंत्रालयात शेवटची बैठक होती आणि डॉक्टर तिकडेच निघाले होते.

"डॉक्टर गेले," शाहेर हळूच म्हणाला, "तर तुमच्या भावावर खुनाचा आरोप लागेल."

जिन्यात अबू दिर्गाम थांबलेच होते. शाहेरने त्यांनाही काका म्हणत विचारलं, "तुमची गाडी, अम्मो?"

"बेकरीसमोर आहे. कालपासून तिथेच. आणि ऐक बेटा, काल संध्याकाळपासून मी इंजिन चालू केलेलं नाही. वल्लाह, केलेलं नाही."

शाहेरने मान डोलावली. तोंडून खोटी शपथ जाईल म्हणून मंडईत घासाघीससुद्धा न करणारा हा माणूस. त्यांच्या शपथेवर संशय कोण घेणार?

पोलीस गेले. रुदैनाने जूदला बाबागाडीत घातलं आणि पोलीस ठाण्याकडे निघाली. आवाज न करता आलेली ती गाडी जूदच्या बाबागाडीवरही आली असती, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

फाटकाबाहेर बाबागाडीचं चाक कशाला तरी अडखळलं. दगड होता, दोरीचा फास बांधलेला.

तिने मान वर केली. अख्खी गल्ली ओली होती, आणि फुटपाथलगत एवढाच एक लांबट चौकोन कोरडा. गाडीएवढा.

त्या उतारावर सगळेच चाकाखाली दगड ठेवतात. पण दगडाला दोरी एकाचीच. कंबर वाकत नाही म्हणून.

तिने दगड उचलला आणि बाबागाडीच्या खालच्या जाळीत, लंगोटांखाली दडवला. शाहेरला फोन करून ती एवढंच म्हणाली, "बेकरीसमोरच्या गाडीखाली हात घालून बघा. मग मागच्या जिन्याने वर या. लवकर या!"

घरात येऊन कडी लावली आणि पडद्याआडून पाहिलं. अबू दिर्गाम खाली उभे होते. त्या कोरड्या चौकोनाभोवती ते हळूहळू फिरले. काठीने गटाराचा कोपरा ढोसला. मग त्यांनी मान वर करून सरळ तिच्या खिडकीकडे पाहिलं.

दाराची घंटा वाजली.

स्वयंपाकघरात मागचं दार करकरलं. शाहेर आत आला, ओला तळहात तिला दाखवला आणि फ्रीजआड उभा राहिला. तेव्हाच तिने पुढची कडी काढली.

"पोरीसाठी पाव आणलाय," अबू दिर्गाम हसले. त्यांची नजर बाबागाडीवर होती. "बाहेर निघाली होतीस ना? इतक्यात परत आलीस?"

"जूद रडत होती."

"आता तर गप्प आहे." ते दोन पावलं आत आले. "वाटेत काही सापडलं का गं तुला?"

रुदैनाने जूदला उचलून घेतलं.

"अम्मो, तुम्ही सकाळी शपथ घेतलीत. अजून एक घ्याल?"

"कसली?"

"इंजिन चालू केलं नाही, असं म्हणालात. ते खरंच आहे. आता म्हणा, वल्लाह, गाडीची चाकं फिरली नाहीत."

ते हसायचे थांबले.

"गेल्या महिन्यात कॉफी पिताना डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले, आठवतं? 'चमचाभर पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारा माणूस तू. नवी गाडी घेताना शोरूममध्ये कराचा आकडा पाहून तुझा हात थांबणार नाही?' आपण सगळे हसलो होतो. आज तुम्ही तेच केलंत. दगड ओढला, ब्रेक सोडला. आवाज नाही, बॉनेट थंड. तळाशी जाऊन थांबलात, पाव घेतला आणि धावत वर आलात. पण गाडी कालपासून बेकरीसमोर असती तर तिच्याखाली कोरडं असतं. तिथे ओलं आहे. कोरडं आहे ते आमच्या फाटकापाशी."

"दगड दे," ते कुजबुजले आणि हात पुढे केला.

"आधी शपथ घ्या. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून."

जूदने तो हात पाहिला आणि ओळखीचं हसून त्यांचं बोट धरलं. अबू दिर्गामांनी चटका बसावा तसं बोट सोडवून घेतलं. ते मटकन खुर्चीत बसले.

"माझ्या मुलाचं, दिर्गामचं, शोरूम मोठ्या इंजिनांच्या गाड्यांनी भरलंय," ते म्हणाले. "कर लागू झाला तर एक गाडी विकली जाणार नाही. मला त्याचा पाय मोडायचा होता फक्त. बैठक पुढे गेली असती. पण इंजिन बंद असलं की ब्रेक लागतो कुठे नीट? मी जीव खाऊन दाबला गं."

"आणि माझा भाऊ?"

त्यांनी पाव टेबलावर ठेवला.

शाहेर पुढे आला आणि त्यांच्या दंडाला धरलं. दारात अबू दिर्गाम वळले.

"मी खोटी शपथ घेतली नाही, बेटा. एवढं लिहून घे."

"घेतो," शाहेर म्हणाला. "त्या शपथेनेच तर पकडलं तुम्हाला."

दुपारी डॉक्टर शुद्धीवर आल्याचा निरोप आला. पाठोपाठ कुतैबा सुटला. रुदैना फाटकाशी उभी होती. त्याची गाडी शेजारी येऊन थांबली तरी तिला कळलंच नाही, आणि काच खाली झाली तशी ती दचकून मागे सरली.

"मीच आहे गं!"

"माहितेय," ती म्हणाली आणि रडायला लागली. "पण यापुढे हॉर्न वाजवत ये."