चहा घेतल्याशिवाय बिल्ड होत नाही

"ओ भाऊ, तुमच्या या मशीनचं डोकं ठिकाणावर आहे का हो?"

संजीवनी इतक्या मोठ्यानं बोलली की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाकावर बसलेली चार माणसं वळून बघायला लागली. काउंटरमागचा तरुण मात्र मान वर न करता म्हणाला, "मशीनचं हाय. वापरनाऱ्याचं मले माहीत नाही."

असा राग आला तिला! शेगावला चार वर्षं इंजिनीअरिंग केलेली मुलगी, आणि बुलढाण्यात कोर्टामागच्या गल्लीतला हा फॉर्म भरून देणारा तिला डोकं विचारतोय. ती ताडकन उत्तर देणार होती, पण तेवढ्यात त्यानं वर बघितलं. आता डोळे असावेत माणसाला, पण इतके हसरे? तिचं उत्तर अर्ध्यावरच राहिलं.

त्याचं नाव प्रज्वल. सेंटर त्याचं स्वतःचं. चोरीची विंडोज वापरायची नाही हा त्याचा हट्ट, म्हणून सगळ्या मशीनवर फुकट मिळणारं लिनक्स, आणि तेही कुणी शिकवलेलं नाही, स्वतः धडपडून शिकलेलं. संजीवनीला नेमकं तेच हवं होतं. पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरीआधी एक काम दिलं होतं : सरकारी फॉर्म मराठीत वाचून दाखवणारा प्रोग्राम. अट एकच, गावाकडच्या साध्या सेंटरमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो बिल्ड करून, चालवून दाखवायचा. दोन आठवड्यांनी शुक्रवारी तीन वाजता पुण्याची माणसं व्हिडिओवर बघणार होती. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर वरवट बकालला बाबांच्या वांग्याच्या वाफ्यात.

बिल्ड म्हणजे काय, तर लिहिलेल्या प्रोग्रामचे तुकडे मशीनला कळतील असे करायचे आणि एकमेकांना जोडायचे. तिथंच घोडं अडत होतं. जोडताना मशीन म्हणे, अमुक नावाचं काम सांगितलंत खरं, पण ते आहे कुठं? संजीवनी ते काम आपल्या लॅपटॉपवर लिही, फाइल सेंटरच्या मोठ्या मशीनवर आणी, बिल्ड लावी... आणि मशीनचं पुन्हा तेच. कुठं आहे? अहो, आहे की! समोर लिहिलंय ढळढळीत! तीनदा झालं, चारदा झालं. रडू यायचं बाकी राहिलं.

"चाला," प्रज्वल शेवटी उठला. "चहा पेऊन येऊ. तुमचं डोकं तापलं, अन् मशीनचंही."

"मशीन नाही येणार का चहाला?"

"ते बिचारं गरीब हाय. त्याले कोनी विचारत नाही."

बशीरचाचांच्या टपरीवर जानेवारीचं ऊन पाठीवर घेत दोघं अर्धा तास उभी राहिली. आल्याचा वास, थंडीनं लाल झालेली बोटं, मधेच एक चोरटी नजर. परत येऊन तिनं तीच फाइल लॅपटॉपवर पुन्हा उघडली, उगाच एक ओळ खालीवर केली, मशीनवर नेली, बिल्ड लावला. झाला की! एका झटक्यात!

"बघा," तो म्हणाला, "चहा घेतल्याशिवाय बिल्ड होत नाही."

तिनं मनात म्हटलं, अंधश्रद्धा कुठली. पण मग रोजच तसं व्हायला लागलं. सकाळी काही बदल करावा तर मशीन आडमुठ्यासारखं जुनंच रडगाणं गाई. सगळं पुसून पहिल्यापासून बांधायचं, तर त्या म्हाताऱ्या मशीनला दोन तास लागत, म्हणून ती ते टाळायची. आणि चहा घेऊन आलं की गपगुमान काम होई. बशीरचाचा तर दोघं लांबून दिसली की दूध चढवायचे. "आली का बिल्डवाली मंडळी?" असं विचारायचे आणि मिशीत हसायचे.

तिची झोप उडाली ती काही नुसत्या बिल्डमुळे नाही. बुलढाण्यात ती मावशीकडे उतरली होती; तिथं ताटावर बसली तरी लक्ष सेंटरकडे. सकाळी नऊला सेंटर उघडायचं आणि ही साडेआठलाच कुलुपासमोर. पहिल्या दिवशी सहज तोंडातून गेलेलं "ओ भाऊ" आता घशातच अडकायचं. प्रज्वलभाऊ म्हणवत नव्हतं, नुसतं प्रज्वल म्हणायची हिंमत नव्हती. मग "अहो, ऐका ना" वर काम चालवायची, आणि ते तर त्याहून भलतंच वाटायचं!

"तुम्ही मले 'अहो' काऊन म्हनता?" त्यानं एकदा विचारलंच.

"मग काय म्हणू?"

"पाहा बा. आपलं काही म्हननं नाही." आणि कान लाल करून तो प्रिंटरमध्ये कागद भरायला लागला. प्रिंटर आधीच भरलेला होता.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी तिला चोर सापडला. बिल्ड पुन्हा फसलेला. कंटाळून तिनं फाइलींची यादी वेळेसकट काढली. यादीतल्या एका फाइलवर वेळ होती बारा वाजून वीस मिनिटं. तिनं मोबाइल बघितला. अकरा सत्तावन्न.

अगं बाई! ही फाइल तर अजून व्हायचीच आहे!

मोठ्या मशीनचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे होतं. नवं कुठलं आणि जुनं कुठलं, हे मशीन वेळेवरूनच ओळखतं. तिनं लॅपटॉपवर दुरुस्त करून आणलेली फाइल त्याला शिळी वाटायची, आणि स्वतःचं आधीचं चुकलेलं काम ताजं. मग ते दुरुस्तीकडे कशाला ढुंकून बघेल? चहात अर्धा तास गेला, की त्यानंतर बदललेली फाइल खरोखरच नवी ठरायची. बस, एवढंच! ती खुदकन हसली.

"काय झालं?" पलीकडून प्रज्वल.

आता सांगायचं ना? एका वाक्याचं काम. घड्याळ नीट करा, संपलं. पण संपलं म्हणजे... काय काय संपलं? तिनं त्याच्याकडे बघितलं. तो कुणा आजीबाईंचा अंगठा यंत्रावर नीट टेकवून देत होता आणि तिच्याकडे बघत उभा होता.

"काही नाही," संजीवनी म्हणाली. "होतच नाहीये. चहा घेऊन येऊ या का?"

झालं. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा. त्या क्षणापासून जिवाला चैन म्हणून नाही. मंगळवारचा चहा गोड लागला, बुधवारचा बेचव, गुरुवारचा तर घशाखाली उतरेना. तो समोर उभा राहून काळजीनं विचारायचा, "शुक्रवारपर्यंत होईन ना व?" आणि ही मान डोलवायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! सांगावं तर तीन दिवस का लपवलं, हे सांगावं लागणार. न सांगावं तर सोन्यासारखा माणूस फुकट काळजीत.

शुक्रवारी सकाळी अकराला ती आली तर बाक रिकामा. दारावर पाटी : आज काम बंद. प्रज्वल मशीनसमोर बसला होता. दाढी वाढलेली, हातात पेनड्राइव्ह.

"सगळं पुसून टाकतो," तो म्हणाला. "नवीन लिनक्स टाकतो. तीनच्या आत होऊन जाईन. गिऱ्हाइकायले दुसऱ्या सेंटरले पाठवलं. माह्याच मशीनमंदी खोट हाय. तुमची नोकरी माह्यामुळं जाईन, हे मले नाही सहन होत."

"नका पुसू."

"काऊन?"

"पुसू नका म्हटलं ना!" तिचा आवाज फाटला. "मशीनला काही झालेलं नाही. त्याचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढं आहे. मला... मला मंगळवारपासून माहीत आहे."

प्रज्वलनं हातातला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"ते घड्याळ मीच पुढं केलं," तो म्हणाला. "आपल्या लोकायले फॉर्मची वेळ पाचची सांगतली तर पाचले पाच कमी असतानी येतात. घाई करावी म्हनून पुढं केलं. वर्ष झालं. मले ध्यानातच नव्हतं." मग त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि डोळ्यांत हसू नव्हतं. "अन् तुले ठाऊक होतं? मी रोज माफी मागून राह्यलो मशीनच्या वतीनं, अन् तू मान हालवून राह्यली? मी कॉलेजात नाही गेलो, म्हनून येडा दिसलो का तुले?"

पहिल्यांदाच तिला "तू" म्हणाला, आणि ते असं! संजीवनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "नाही हो, तसं नाही. ऐका तर..." पण तो उठला. सेंटरची किल्ली टेबलावर टाकली आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

साडेअकरा वाजले होते. रडायलाही सवड नव्हती. तिनं घड्याळ सरळ केलं. आता मशीनवरच्या साऱ्या जुन्या फाइली पुढच्या वेळेच्या निघाल्या आणि मशीन गोंधळलं. म्हणजे सगळं पुसून पहिल्यापासून. दोन तास! पडद्यावर ओळीमागून ओळ सरकत होती. ती खुर्चीत बसे, उठे, दारापर्यंत जाई. गल्लीत मोटरसायकल वाजली की मान बाहेर काढून बघे, आणि ती भलत्याचीच निघे. बशीरचाचा एकदा दारात डोकावले. "बेटा, आज दोघंही नाही आले?" तिनं नुसती दारावरच्या पाटीकडे मान केली. चाचांनी पाटी वाचली, तिचा चेहरा वाचला, आणि गुपचूप गेले.

पावणेदोनला बिल्ड झाला. तीनला पुण्याच्या बाई पडद्यावर आल्या. म्हणाल्या, आमच्यासमोर एक ओळ बदला आणि पुन्हा बांधून दाखवा. संजीवनीनं बदलली. मशीन शहाण्यासारखं वागलं. प्रोग्राम खणखणीत मराठीत बोलला : "अर्जदाराचे संपूर्ण नाव लिहा." बाई हसल्या. एक तारखेला पुण्यात हजर व्हा म्हणाल्या.

आनंद व्हायला हवा होता ना? ती पडदा बंद करून तशीच बसून राहिली.

साडेचारला मोटरसायकल वाजली. या वेळी खरी. प्रज्वल दारातच थांबला, केसांत धूळ.

"कुठं होतात?"

"राजूर घाटात बसलो होतो. वांदरं पाहत." थोडं थांबून तो म्हणाला, "झालं काय?"

"झालं. एक तारखेला पुणे."

"चांगलं झालं," तो म्हणाला, आणि असं तोंड केलं की जणू कुणी गेलंय. आता नाही तर कधीच नाही. आणि तिच्या तोंडून घरची भाषा बाहेर पडली.

"मी तुले येडा समजली नाही रे. मीच येडी झाली. सांगतलं असतं तर बिल्ड पहिल्याच झटक्यात झाला असता, अन् मंग तू मले चहाले काऊन नेलं असतं? मले तू पाहिजे होता. बिल्ड गेला खड्ड्यात. मले अजूनही तूच पाहिजे."

प्रज्वल बाकावर खालीच बसला.

"मी चहा पेतच नाही," तो म्हणाला.

"काय?"

"पित्त होते मले. दोन आठवडे झाले, रोज गोळ्या खाऊन राह्यलो. पहिल्या दिवशी तू रडाले आली होती. मले दुसरं काही सुचलं नाही, तं चहा म्हनलो. मंग रोजच... कसं सांगू तुले, चहा नाही पेत म्हनून?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली, आणि मग जी हसायला लागली की पलीकडच्या स्टॅम्पवाल्यानं भिंत ठोकली. हसता हसता त्यानं तिचा हात कधी धरला, ते दोघांनाही कळलं नाही. सुटला मात्र नाही.

"पुण्याले गेल्यावर इसरजो नको," तो हळूच म्हणाला.

"इसराले वेळच ठेवत नाही," असं म्हणून तिनं दुसऱ्या हातानं मोबाइल उचलला आणि घरी लावला. प्रज्वलचा रंग उडाला. "आता? आत्ताच? अव, थांब ना जरा...!"

"बाबा," संजीवनी म्हणाली, "नोकरी लागली."

पलीकडे भाऊरावांचा आनंद फोनबाहेर ऐकू येत होता. तो ओसरेपर्यंत ती थांबली.

"बाबा, रविवारी मी घरी येऊन राह्यली. सोबत एक जण हाय. मले त्याच्याशी लग्न करायचं हाय."

फोनवर आता विहिरीवरच्या मोटरचा आवाज तेवढा येत होता. प्रज्वलनं तिचा हात इतका घट्ट आवळला की बोटं दुखायला लागली.

"काय करते तो?" भाऊरावांनी विचारलं.

"फॉर्म भरून देते लोकायचे. बुलढान्यात. सोताचं सेंटर हाय त्याचं."

 मग भाऊरावांनी घसा खाकरला.

"येऊ दे. पाहू तं खरं, कसा हाय. अन् त्याले इचार, माहा सोलर पंपाचा फॉर्म तीन डाव वापस आला. भरून देईन काय म्हना."

संजीवनी काही बोलायच्या आत प्रज्वल फोनवर झुकला.

"भरतो ना काका! फकस्त सातबारा अन् आधार कार्ड काढून ठेवा!"