अन्सेल्मोचं बावीस

पटो न पटो, हे घडलंय. जंदिरा माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. भांडते खूप, पण खोटं बोलत नाही.

गेल्या मार्चमधला शनिवार. रिओ. भर दुपार. ऑफिसात ती एकटी.

डोंगरावरच्या वस्तीत दरडीचा इशारा देणारा भोंगा आहे. त्या दिवसापासून तो तिच्या प्रोग्रामवर चालणार होता. तासाला चाळीस मिलिमीटर पाऊस झाला की भोंगा वाजणार, असं साहेबाने, निवाल्दोने, ठरवलेलं. त्याच वस्तीत जंदिराची आई राहते.

तिने चाळीस लिहिलं. चालवलं.

पडद्यावर... बावीस.

"च्यायला, 'लोकल' लिहायचं राहिलं."

तिच्या प्रोग्रामच्या लुआ भाषेत फंक्शन म्हणजे कामाचा एक तुकडा, जणू एकेक खोली. आकड्याआधी 'लोकल' लिहिलं की तो खोलीतच राहतो. विसरलात तर आकडा अंगणात. दुसरं कुठलंही फंक्शन येऊन बदलून जातं.

पण बदललं कुणी? तिने सगळा प्रोग्राम धुंडाळला. बावीस कुठेच नव्हतं.

मागे टकटक झाली...

कीबोर्डची. अन्सेल्मोच्या टेबलावरून. तिच्या आधी हेच काम करणाऱ्या या म्हाताऱ्याने उभ्या जन्मात 'लोकल' लिहिलं नाही. आकडा बावीसच हवा म्हणून तो निवाल्दोशी भांडला होता. दोन वर्षांपूर्वी दरडीखाली गेला.

टेबलावर कीबोर्ड नव्हता.

पण दबेल ती जंदिरा कसली.

"म्हाताऱ्या, ही माझी खोली आहे. चल, नीघ."

तिने 'लोकल' लिहिलं. चाळीस. टकटक थांबली.

मग पाऊस कोसळला. तासाला चोवीस मिलिमीटर. सव्वीस. भोंगा गप्प. आईचा फोन लागेना.

निवाल्दोचा आला. "आकड्याला हात लावू नकोस. उगाच भोंगा वाजला की लोक मला शिव्या घालतात."

"खा की शिव्या. वर माझी आई आहे."

"नोकरी जाईल."

"खड्ड्यात गेली नोकरी."

तिला स्वतः बावीस लिहिता आलं असतं. तिने फक्त 'लोकल' खोडलं.

"ये, अन्सेल्मो. तूच सांग किती."

टकटक...

बावीस. भोंगा वाजला. वस्ती खाली उतरली. तासाभराने दरड आली, वरच्या रांगेतल्या रिकाम्या घरांवर. आईचं घर वाचलं.

नोकरी टिकली. निवाल्दो रोज म्हणतो, "लोकल लाव." ती म्हणते, "लावणार नाही. काय करायचं ते कर."

परवा लख्ख ऊन होतं. आकडा आपोआप उतरू लागला. अठरा... नऊ... म्हणजे आता हलक्या सरीलाही भोंगा वाजणार.

कोपऱ्यातल्या टेबलाकडे न बघता तिने फोन लावला. "आई, चपला घाल आणि खाली ये. आत्ता."

आई आता इथेच आहे, भिंतीपलीकडे. पाऊस अजून आलेला नाही.

आज सकाळी आकडा तीनवर होता.