डोमकावळा – एक

पक्षी बघायला जाणारी माणसं प्रल्हादला कधी कळलीच नाहीत. आठवड्यातनं एक रविवार मिळतो, त्या दिवशीपण पहाटे उठायचं, आणि कशाला, तर बदकं मोजायला. पण दत्तप्रसाद साहेबांची गाडी तो चालवतो, तेव्हा साहेब म्हणतील तिकडं जायचं. शारजात साहेबांच्या बिल्डिंगखाली तो गाडी घेऊन थांबला, तेव्हा धुकं असलं पडलं होतं की समोरची मशीद गायब.

साहेबांनी दुर्बिणीची जड बॅग पुढच्या सीटवर ठेवली आणि स्वतः बायकोबरोबर, सुचित्रा मॅडमबरोबर, मागं बसले. गाडी हलली तशी टिंगटिंग सुरू झाली. या नव्या गाडीचं असंच. सीटवर वजन आलं की तिला वाटतं माणूस बसलाय. पट्टा लावा म्हणून डोकं खाते. मागच्या सीटचंपण तसंच, समोर लाल दिवा लागतो.

"आता बॅगेलापण बेल्ट पाहिजे हिला," म्हणत प्रल्हादनं हात लांब केला आणि पट्टा अडकवला. आवाज बंद.

"प्रल्हादभाऊ, सकाळी सकाळी गाडीशी तरी भांडू नका," मॅडम मागनं म्हणल्या.

भांडायचं त्याला कारण लागायचं नाही. पण एक भांडण खरं होतं. दोन वर्षांपूर्वी गावाकडं आई गेली. हा मिळेल त्या विमानानं निघाला, संध्याकाळी घरी पोचला, तर मोठ्या भावानं, अण्णानं, दुपारीच आईला अग्नी दिलेला. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. "पावसाचं वातावरण होतं रे, लोक थांबेनात," एवढंच अण्णा म्हणला. प्रल्हाद त्याच पावली परत आला आणि पुन्हा गावाचं नाव काढलं नाही. या हिवाळ्यात अण्णा आजारी पडला. फोन करायचा, "एकदा भेटायला ये. बोलायचंय." शेवटच्या फोनला प्रल्हाद म्हणला, "तू मेलास तरी येणार नाही."

अण्णा मेला. हा गेला नाही. आज त्याचा दहावा होता, आणि हा बदकांच्या मागं चाललेला.

दुबईतलं अल क्वोज मागं टाकून गाडी वाळवंटात शिरली. तिथं खोदलेली तळी आहेत, थंडीत कुठनं कुठनं पाखरं येतात. आज तळंच दिसत नव्हतं. पांढरं, सगळं पांढरं. बाभळीसारख्या झाडांवर दव असं बसलं होतं की मॅडम म्हणल्या, "अगदी बर्फ पडल्यासारखं वाटतंय ना."

"परफेक्ट," साहेब म्हणले. "आवाजावरून मोजू." वही, पेन, घड्याळ. कुठला पक्षी, किती, किती वाजता, सगळं लिहायचं ही त्यांची पद्धत. दोघं काठाकाठानं गेले आणि वीस पावलांवर धुक्यानं त्यांना गिळलं.

प्रल्हाद गाडीला टेकून उभा राहिला. ओल्या चिखलाचा वास. पाण्यात कुणीतरी पंख झाडले, मग शांत.

फोन वाजला. बोटिमच्या व्हिडिओ कॉलवर तात्या, चुलता. मागं नदीचा घाट, पन्नासेक माणसं, आणि दगडावर भाताचा पिंड, वर काळे तीळ.

"प्रल्हाद, तासभर झाला. कावळा शिवंना."

"मग मी काय करू? उडत येऊ?"

"त्याच्या पोरीचं लग्न करतो म्हणलो, तुझ्या वहिनीला सांभाळतो म्हणलो. कावळे झाडावर बसल्यात, पण एक खाली उतरंना. तुझ्यापायी अडलाय तो. शब्द दे काहीतरी."

"मी नाही देणार. आईला जाळताना माझ्यासाठी थांबला होता का तो?"

 मग फोन वहिनीकडं गेला. ती रडत नव्हती. नुसती म्हणली, "भावजी, ते शेवटपर्यंत दाराकडं बघत होते."

आता हे ऐकल्यावर माणसाला वाईट वाटायला पाहिजे. प्रल्हादला वाईट वाटलं की आधी राग यायचा. तो फोनमध्ये ओरडला, "बरं. अण्णा, ऐक. पुढच्या रविवारी तुला भेटायला येतो. भेटू समोरासमोर. झालं समाधान?"

 तात्या हळू आवाजात म्हणला, "असं नसतं म्हणायचं रे... मागं राहिलेल्यांचं बोलायचं असतं. मेलेल्या माणसाला भेटीचा वायदा..."

आणि तेवढ्यात मागनं गलका झाला. "उतरला. डोमकावळा उतरला. शिवला."

फोन कट झाला.

प्रल्हादनं फोन खिशात घातला. पाठीमागं खडीवर पाऊल वाजलं. एक नीट. दुसरं घासत. एक नीट... दुसरं घासत. साहेब आले म्हणून तो वळला नाही. मग त्याच्या ध्यानात आलं, असं कोण चालायचं. अण्णाच्या उजव्या पायाची दोन बोटं ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरमध्ये गेलेली. चप्पल पायात टिकायची नाही, घासत यायची.

तो वळला.

बॉनेटवर कावळा बसला होता. मोठा, मानेसकट काळाकुट्ट. चोचीला भात चिकटलेला. भातात एक काळा तीळ.

"हलू नकोस," साहेबांचा आवाज आला. ते धुक्यातनं डोळ्याला दुर्बीण लावूनच आले. "अरे, हा डोमकावळा आहे. इकडे राखाडी मानेचे साधे कावळे असतात, हा कुठून आला? सुचित्रा, लिहून घे. डोमकावळा, एक. सात बावन्न. उजव्या पायाला दोन बोटं नाहीत."

कावळ्यानं साहेबांकडं बघितलंच नाही. प्रल्हादकडं बघत राहिला आणि मग उडाला. पंखांचा आवाज झाला नाही.

बॉनेटवरच्या दवात पायाचे ठसे उमटले होते. डावा पुरा. उजव्याचं पुढं एकच बोट. प्रल्हादनं फडकं काढलं आणि पुसून टाकले.

परत जाताना तात्याचा मेसेज आला. कावळा नऊ बावीसला शिवला. इथल्यापेक्षा गावचं घड्याळ दीड तास पुढं. प्रल्हादनं घाटावरचं सांगितलं तेव्हा हिशोब साहेबांनीच केला, आणि वहीतल्या सात बावन्नखाली रेघ ओढली. बिल्डिंगपाशी उतरताना म्हणले, "प्रल्हाद, लीव्ह घे. जाऊन ये गावी."

"बघू साहेब. इन्शाल्ला."

बघायचं काय होतं? कावळा शिवला, काम झालं, खलास, असं तो धरून चालला. सोमवारी सकाळी बॉनेटवर ठसे होते. पुसले. मंगळवारी समोरच्या काचेच्या खाली होते. पुसले. शुक्रवारी ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर होते, उभ्या काचेवर, जिथं कुठल्या पाखराला उभं राहता येत नाही. तेपण पुसले. खोलीतला लियाकत म्हणला, "गाडी झाकून ठेव भाई." शनिवारी त्यानं गाडी झाकली. तिकीट मात्र काढलं नाही.

रविवारी पुन्हा धुकं. पुन्हा साहेबांना तळ्यावर न्यायचं होतं. त्यानं गाडीवरचं कापड काढलं. ठसा एकपण नव्हता. बरं वाटलं त्याला. साहेबांना घ्यायला एकटाच निघाला.

दुसरा चौक ओलांडला आणि टिंगटिंग सुरू झाली.

त्यानं शेजारी बघितलं. सीट मोकळी. बॅग नाही, काही नाही. पण गादी मधोमध दबलेली होती, आणि गाडीत अण्णाच्या तंबाखू-चुन्याचा वास होता.

धुक्यात थांबायला जागा नव्हती. टिंगटिंग चालूच. एरवी प्रल्हादनं चार शिव्या घातल्या असत्या. त्यानं गुमान हात लांब केला आणि पट्टा ओढला. बॅगेला लागला होता त्यापेक्षा बराच जास्त ओढावा लागला. अडकवला. आवाज बंद झाला.

"अण्णा," तो समोर रस्त्याकडं बघतच म्हणला. "चुकलं माझं. येतो गावाला. आजच तिकीट काढतो... आईची शपथ."



मागच्या मोकळ्या सीटचा लाल दिवा लागला.